दादाचा संडास आणि सासूबाईंची बादली

मावशी,

मी रात्रभर झोपलेली नाही. लेकीने, भिंगरीने जागवलं म्हणशील तर नाही, ती पालथी पडून मस्त घोरत होती. मी जागी होते कारण येत्या रविवारी आमचा संडास पाडणार आहेत. तो पाडला की परत मागच्या जुन्या खड्ड्यावर जायचं, आणि त्या खड्ड्याचं नाव काढलं तरी मी पोरीला जवळ ओढते. पण ते सगळं खाली सांगते. आधी तुझ्या पाया पडते. पत्राच्या वरती मोठ्या माणसाला काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं तेव्हा मी गैरहजर होते (शाळाच पुढे मला गैरहजर झाली), म्हणून नुसतंच पाया पडते, ते गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? डोळ्यात थेंब घालतेस ना वेळेवर? आणि तो कानाचा डॉक्टर काय म्हणाला? म्हणजे तो जे म्हणाला ते तुला ऐकू आलं का?

फोन का नाही केला म्हणून रागावू नकोस. तुला फोन केला की तू सगळ्याला हो हो म्हणतेस आणि शेवटी विचारतेस, कोण बोलतंय. त्यात इथे घर एवढंसं, मी ओरडून बोलले तर सासूबाईंना ऐकू जाणार, आणि जे सांगायचंय ते त्यांच्याच बद्दल आहे. म्हणून हे पत्र. शेजारच्या शिंपीणकाकू उद्या कापड आणायला तुझ्या गावाला येतायत, त्यांच्या हाती देते. पाकीट डिंकाने दोनदा चिकटवणार आहे. तुला जो कोणी हे वाचून दाखवतोय त्याने कृपा करून दार लावून घ्या. हळू वाचाल तर तिला ऐकू येणार नाही, मोठ्याने वाचाल तर गल्लीला ऐकू जाईल, तेव्हा दार लावणं एवढंच आपल्या हातात आहे. (काकू, तुम्हीच वाचत असाल तर तुमच्याबद्दलचं खाली आहे तेवढं गाळून वाचा. वाईट काही नाही. फार नाही.)

तर मावशी, तू डोळ्याच्या ऑपरेशनमुळे इकडे आली नव्हतीस म्हणून तुला आमचा संडास माहीत नाही. आमच्या इथे जमिनीखाली सगळा दगड. नळाचं पाणी नाही, गटाराचा पाइप कोपऱ्यापर्यंत आला आणि दमून तिथेच थांबला. आधी घरामागे एक खड्डा होता आणि त्याच्या उशालाच विहीर. गेल्या वर्षी पाऊस जास्त झाला, खड्डा भरला, आणि दगडाच्या फटीफटीतून जे जायला नको ते विहिरीत गेलं. आम्हाला काय माहीत, पाणी दिसायला स्वच्छ होतं. भिंगरी तेव्हा नुकती धरून धरून चालायला लागली होती. तिला जुलाब लागले ते थांबेनात. डोळे आत गेले. शेवटी शेवटी ती रडतसुद्धा नव्हती, नुसती बघायची. मी तर पार गळून गेले होते, बाळ हातात धरायची मला भीती वाटत होती. सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि चमच्या चमच्याने पाणी पाजत बसल्या, मांडी मोडली नाही त्यांनी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यातून आलंय, खड्डा बंद करा. पोरगी वाचली. पण अजून ती भांडं तोंडाला लावते तेव्हा मी तिच्याकडे बघत उभी राहते.

मग मी दादाच्या मागे लागले. तुझा लाडका भाचा गवंडी आहे हे एवढ्याच वेळेला माझ्या कामाला आलं. त्याने कुठेतरी काम करताना बिनपाण्याचा संडास बांधायला शिकून घेतलं होतं, तसा आम्हाला बांधून दिला. जमिनीच्या वर, पायऱ्या चढून जायचं, एखाद्या सिंहासनावर गेल्यासारखं. खाली सिमेंटचे दोन कप्पे. एक वापरायचा, तो भरला की झाकून पडू द्यायचा, तोवर दुसरा. झाकलेल्याची आपोआप माती होते आणि ती झाडाला घालायची. पाणी त्यात थेंबभर जाऊ द्यायचं नाही. धार पुढच्या खाचेत, धुवायचं बाजूच्या खळग्यात, बाकीचं मधल्या भोकात, आणि वरून दोन मुठी लाकडाचा भुसा. दादाने हे सगळ्यांना ओळीत उभं करून समजावलं. सासूबाई म्हणाल्या, एवढं लक्षात राहत असतं तर मी शाळेत नसते का गेले.

पहिल्यांदा कोणी जायचं यावर सकाळभर मानपान चालला. तुम्ही जा, नाही नाही तुम्ही आधी. शेवटी तुझे जावई गेले. बाहेर आम्ही सगळे उभे, आणि दादा दाराला कान लावून, की भुसा टाकल्याचा आवाज येतो का. बाहेर आले तर सगळ्यांनी तोंडाकडे बघितलं, आणि हे असे लाजले की लग्नातसुद्धा लाजले नव्हते. पण खरं सांगते, वास म्हणून नाही. हे सुतार, त्यामुळे भुशाला तोटा नाही, आत गेलं की नव्या कपाटात बसल्यासारखं वाटायचं. मग काय, ह्यांनी दादाचं कौतुक गावभर केलं. एकदा तर लाकडाच्या वखारीचे मालक घरी आले आणि त्यांना जायचं झालं. हे दाराबाहेर उभं राहून त्यांना सांगतायत, साहेब, पुढे सरका, नाही, थोडं मागे, आता डावीकडे. असं वाटत होतं ट्रक लावतायत. मालक घामाघूम होऊन बाहेर आले आणि चहा न घेता गेले. पण त्याच आठवड्यात त्यांचा माणूस माप घ्यायला आला, त्यांनाही तसाच बांधायचा होता.

आणि मग वास सुटला. आधी थोडा, मग असा की डोळ्यातून पाणी. माशा आल्या. कप्प्याच्या खालच्या दारातून काळं पाणी झिरपायला लागलं. शिंपीणकाकू खिडकी आपटून लावायला लागल्या (काकू, इथे गाळा). दुसऱ्या दिवशी नाकाला कापडाची घडी बांधून मशीनवर बसल्या, आणि गिऱ्हाईकाने विचारलं तर नुसतं आमच्या घराकडे बोट. ह्यांची मान खाली. त्या रागात ह्यांनी दादाला फोन लावला आणि म्हणाले, तुझा संडास उचल आणि तुझ्या घरी नेऊन ठेव. दादा म्हणाला, वापरायची अक्कल मी विटांबरोबर देत नाही. झालं. तेव्हापासून आमच्या घरचा नंबर दिसला की दादा फोन उचलत नाही. घरात फोन एकच, मी केला काय आणि ह्यांनी केला काय, त्याला कळणार कसं. ह्यांनी ठरवलंय, रविवारी दोन माणसं बोलवायची, पहारी घालायच्या, आणि जुना खड्डा उघडायचा. म्हणतात, पाणी उकळून पिऊ. मावशी, उकळेन मी. पण भिंगरी अंघोळीचं पाणी पिते, बादलीतलं पिते, अंगणात सांडलेलं चाटते. मी कुठे कुठे चूल घेऊन धावू?

आता जे कोणाला माहीत नाही ते सांगते. दार लावलंय ना?

परवा भिंगरी आपली छोटी वाटी घेऊन भुशाच्या पोत्यावर पाणी ओतत होती. मी ओरडले. तर ती मला शहाणपणाने सांगते, आजी धू धू. संडासाकडे बोट, आजी धू धू. माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी कान देऊन पडले, तर बादलीची कडी वाजली. दाराच्या फटीतून बघितलं. सासूबाई पायऱ्या चढतायत, हातात भरलेली बादली, काखेत फिनेलची बाटली, आणि खराटा. आत जाऊन त्यांनी सगळी बादली मधल्या भोकात ओतली. देवघर पुसावं तसं सगळं पुसलं. अशा किती दिवस जातायत कोण जाणे. मावशी, त्या वाईट नाहीत गं. त्या साबण वापरायच्या आधी साबण धुणाऱ्या. बाजारातून केरसुणी आणली तर आधी तिला धुतात, मग तिने झाडतात. संडास आहे आणि त्यात पाणी टाकलं नाही, हे त्यांच्या जिवाला कसं पटावं?

मी सरळ सांगितलं नाही, आडून आडून सांगून बघितलं. बादली लपवली, तर त्यांनी हंडा काढला. फिनेल संपलं तरी आणलं नाही, तर धुण्याचा सोडा गेला. मग एकदा भाजी निवडताना मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, आई, दादा सांगत होता की त्या कप्प्यात बारीक जंतू असतात, तेच सगळ्याची माती करतात, ओल झाली की ते बिचारे मरतात. त्यांनी भाजी खाली ठेवली. म्हणाल्या, ज्या जंतूंनी माझी नात नेली असती, त्यांना तुझ्या दादाने आमच्या घरी कामाला ठेवलंय? वरून दोन मुठी जेवणही घालायचं? मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, पोरीला परत काही झालं तर माझ्यात तेवढी ताकद नाही आता.

आता सांग, हे मी ह्यांना कसं सांगू? ह्यांचा आवाज चढला की भिंती हलतात, आईला बोलतील, त्या जेवण सोडतील, आणि कोपऱ्यात बसून स्वतःलाच खात राहतील, की आपल्या हाताने आपण घाण केली. ज्या हाताने पोरगी वाचवली तो हात मी दाखवून देऊ? माझ्याच्याने होत नाही. आणि नाही सांगितलं तर रविवारी पहार पडते. म्हणून झोप नाही.

बाकी सगळं ठीक. तब्येतीला जप. चुकलंमाकलं पोटात घाल, अक्षराचंही.

तुझी भाची, भिंगरीची आई

ता. क. खरं काम राहिलंच. तू दादाला सांग, रविवारच्या आत ये. आणि येऊन सगळ्यांसमोर म्हण, की चूक माझी झाली, पाणी ओतायची मोरी काढायला विसरलो. मग बाजूला एक छानशी मोरी बांधून दे, पाणी सरळ बागेत जाईल अशी, विहिरीच्या उलट्या बाजूने. सासूबाई तिथे हव्या तेवढ्या बादल्या ओतू देत, त्या मोरीला घासून घासून पांढरी करू देत. हा कप्पा राख आणि भुसा घालून झाकून सुकू दे, आणि दुसरा उघड. दादा म्हणेल मी कशाला चूक घेऊ, माझी नव्हतीच. त्याला सांग, लहानपणी तुझ्या चुका मी घेतल्यात, आता एक तू घे. आणि ह्यांच्याशी नाही बोलला तरी चालेल, विटांशी बोल म्हणावं.

ता. क. दुसरा. दादा तुझा शब्द मोडत नाही म्हणून तुला लिहिलं. पण तो काय बोलला ते तुला ऐकू येणार नाही, तेव्हा फोन तू करू नकोस. जो वाचून दाखवतोय त्यालाच करू दे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच सासूबाई येऊन शेजारी बसल्या. विचारलं, काय लिहितेस एवढं? मी म्हटलं, खुशाली. त्या हळूच म्हणाल्या, मावशीला लिही, तुझ्या दादाला पाठव म्हणावं. तो संडास पाडू नये असं मलाही वाटतं, त्या खड्ड्याकडे मी परत पोरीला नेणार नाही. मला एवढा आनंद झाला मावशी, मी त्यांचा हात धरला. तर म्हणाल्या, वास सुटला तो माझ्याच आळसाने सुटला असेल, एका बादलीने काय होतंय. दादा येईपर्यंत मी सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन टाकते, तू काळजी करू नकोस, झोप जा.

म्हणून, जे कोणी हे वाचत असाल, काकू असलात तरी, हात जोडते. इथेच थांबा आणि माझ्या भावाला फोन करा. नंबर मावशीच्या दाराच्या मागे खडूने लिहिलाय, शेवटचा आकडा सात आहे, एकासारखा दिसतो. सांगा, बहिणीने निरोप दिलाय, सिमेंट वाटेत घे, पण आज नीघ.