पांढऱ्या रुईची खुशाली

वावरातून, ता. नेर
४ जानेवारी २०२६

तीर्थरूप पुंडलिकदादा,

सुखदेवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. डोकं आज जरा जास्त वेळ ठेवलं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला राजूरला वाटेल. फोनवर तुमचा आवाज आला की माझ्या तोंडून "सगळं बरं आहे" एवढंच निघतं.

तूर सोंगून झाली. धुऱ्याच्या बांधावर तुमच्या पांढऱ्या रुईभोवती लावलेली मंडळी मजेत आहेत. शतावरी काठीवर चढली, गवती चहा गुडघ्याच्या वर गेला, झेंडू तर टोपल्यांनी निघाला. रुईला पाणी घालू नको, हे तुमचं सांगणं मी वीस वर्षं पाळलं. उन्हाळ्यात बाकी सगळी मान टाकायची, ती एकटी फुलायची.

"फुलायची" असं लिहून गेलो. आता पुढचंही लिहितो.

एकवीस वर्षांच्या पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती तयार होतो, म्हणून तुम्ही ती लावली. येत्या माघी चतुर्थीला एकवीस पूर्ण. राजूरच्या नव्या घरासाठी देव्हाराही झाला म्हणता. मला काळजी लागली, गणपती उजव्या सोंडेचा निघाला तर? त्याचं सोवळं कडक, आणि न्यायच्या आधी त्याची पहिली पूजा इथं, जिथं कोंबड्या देवघरातून फिरतात. आधी कळलं तर तयारी होईल, म्हणून आंघोळ करून, फक्त सोंडेपुरतं, बाजूनं खोदलं. सोंड दिसेना, म्हणून आणखी खोदलं. कुदळ लागली आणि मूळ तुटून हातात आलं.

धुवून पाहिलं. सोंड नाही, कान नाही, रताळ्यासारखं आहे. तरी नमस्कार केला.

तुमची भावजय तानाबाई दारातच म्हणाली, "भासऱ्यांले काय सांगान आता? देव पाहाले गेलतो अन् झाड मारून आलो?" तीन आठवडे ती मला कुदळीला हात लावू देत नाही.

काल खोदल्या जागी दोन जाड पानं वर आलेली दिसली. पण मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण होईल तेव्हा मी सत्तरचा, तुम्ही एक्क्याऐंशीचे.

दादा, राजूरला न्यायला आता काही उरलं नाही. या महिन्यात खाणीतल्या नोकरीतून सुटाल, तर इथंच या. रागवायला या, पण राहायला या. रुईला पाणी नको, राखण हवी, आणि ती माझ्यापासूनच.

कुदळ तुमच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आहे. किल्ली या पाकिटात आहे.

तुमचा धाकटा,
सुखदेव