उजेड कमी करण्याचा आठवडा

सोमवार, ४ मार्च. सकाळ
आमच्या पहिल्या टीव्हीला उजेडाचं एक गोल बटण होतं. रविवारी दुपारी आमचे हे ते बटण डावीकडे पिळायचे, आणि हे पाणी प्यायला उठले की मी उजवीकडे. कित्येक वर्षं एक शब्दही न बोलता आम्ही ते बटण फिरवलं. इंजिनिअर लागला नाही.

आता ह्यांचा लॅपटॉप. जाण्याच्या आदल्या वर्षी त्यातलं विंडोज काढून ह्यांनी लिनक्स घातलं, का तर फुकट आहे आणि कुणाच्या बापाचं नाही. स्क्रीन उन्हातल्या पत्र्यासारखी तळपते. माझं डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, झगझगीत उजेड वर्ज्य. लेकीने फोनवर फर्मान काढलं, एवढंही जमत नसेल तर एकटी कशी राहतेस, रविवारी न्यायला येते, कायमची. मी म्हटलं, आणि रविवारपर्यंत माझं मी दुरुस्त केलं तर? ती म्हणाली, केलंस तर पुन्हा विषय काढणार नाही.

आजच संपवायचं. उरलेल्या आठवड्यात पडदे धुवायचे.

सोमवार, संध्याकाळ
ब्राइटनेसची पट्टी सरकते. आकडा बदलतो. स्क्रीन ढिम्म. जावयांसारखीच, हो हो म्हणायचं आणि जागचं हलायचं नाही. असो. निदान झालं म्हणजे अर्धं काम झालं.

मंगळवार
इंटरनेटवर सतरा उपाय. प्रत्येकाखाली 'माझं झालं, धन्यवाद'. काय केल्यावर झालं, हे एकाही भल्या माणसाने लिहिलेलं नाही.

शेजारीण म्हणाली, अहो, ओढणी टाका की स्क्रीनवर. मी फक्त हसले. कॉन्व्हेंटमध्ये अशा प्रसंगी हसायला शिकवलं होतं. ती गेल्यावर ओढणी टाकून पाहिली, केवळ तुलनेसाठी. अक्षरं दिसत नाहीत.

बुधवार
लिनक्सवाल्यांच्या फोरमवर 'पेंग्विनकाका' नावाचे एक सद्गृहस्थ भेटले. त्यांनी दिलेली ओळ एका फाइलमध्ये घातली, लॅपटॉप बंद करून चालू केला. आता ब्राइटनेसची पट्टीच गायब. ही प्रगती आहे. निदान खोटं बोलणारं गेलं. काका म्हणाले, ताई, ती ओळ काढा बरं.

काढली. पट्टी परत आली. पडदे राहिले.

गुरुवार
डोकं दुखतंय. हवा बदललीय म्हणून. लेकीचा फोन. मागून जावई ओरडले, आई, मी येऊन विंडोज टाकतो, दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, ह्यांनी घातलेलं काढायला दहा मिनिटं पुरायची नाहीत.

डोळ्यांतून पाणी येतंय. स्क्रीनमुळे.

शुक्रवार
विजय जवळ आलाय. काका म्हणतात, उजेडाचा आकडा एका फाइलमध्ये असतो, तोच बदलायचा. जास्तीत जास्त आकडा किती ते आधी पाहा, मग त्याच्या निम्मा लिहा. ही आपली काकांची काळजी. आकडा शंभरापैकीच असणार, सिस्टर आम्हाला शंभरापैकीच मार्क द्यायच्या. उद्या चाळीस लिहिणार. शेजारणीला चहाला बोलावलंय, साक्षीदार हवा.

शनिवार
चाळीस लिहिले. स्क्रीन काळीकुट्ट.

शेजारीण म्हणाली, गेला की हो. मी म्हटलं, उजेड कमी करायचा होता, झाला. फोनवरून काकांना कळवलं. ते म्हणाले, ताई, तुमच्या मशीनवर आकडा हजारांत जातो, चाळीस म्हणजे शून्यच. बंद करून चालू करा. चालू होताना लिनक्स अगदी अंधार ठेवत नाही, थोडा उजेड आपणहून धरतं.

केलं नाही. जमलेलं बिघडायला नको.

रविवार
लेक आली. तिने लॅपटॉप बंद करून चालू केला. स्क्रीन आली. मंद, मऊ, डोळ्यांना गार. ती बघतच राहिली. म्हणाली, आई, जमलं की तुला. जिंकलीस.

मग तिने खरंच विषय काढला नाही. चहा प्यायली, ट्रॅफिकबद्दल बोलली, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलली, चपला घालायला लागली. शब्दाची पक्की आहे, बापावर गेलीय.

शेवटी मीच म्हटलं, उन्हाळ्यात हे घर फार तापतं. थोडे दिवस येऊ का? ती म्हणाली, बॅग भर. मी म्हटलं, भरलेली आहे. कधीपासून, ते तिने विचारलं नाही. संस्कार चांगले आहेत.

फक्त थोडे दिवस. तेवढ्यापुरती सोय: कुंड्या शेजारणीला, तुळस आणि मोगरा दोन्ही. शिलाई मशीन समोरच्या शिंपीणबाईंना, सुयांच्या डबीसकट. ह्यांचे स्वेटर वॉचमनला, तपकिरी सोडून. लॅपटॉप माझ्याबरोबर, जावयांनी हात लावायचा नाही. भांडी, कपाट आणि दोन्ही पलंग कामाच्या बाईंच्या मुलीला.

परत आले की नवीन घेईन.