एका टिंबाने तोडलेले पेरू

बारामती,
मंगळवार

तीर्थरूप रामहरीमामांस,

नमस्कार. (साष्टांगच समजावा, पत्र संपेपर्यंत तोही कमी पडेल.) मी इथे बरी आहे. तुमचा गुडघा कसा आहे, द्वारकामामींचा खोकला थांबला का, आणि रंगूआजी तुमच्याशी बोलायला लागली का, ते कळवावे. तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल तर त्याचे कारण मी आहे, आणि हे पत्र त्याबद्दलच आहे. फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही 'असू दे, असू दे' म्हणता आणि मी लगेच असू देते. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले असते तर आधी राजवर्धनने वाचले असते आणि तुम्हाला सांगताना स्वतःची भर घातली असती (तुमचा मुलगा आहे, माझा भाऊ आहे, तरीही).

तुम्ही गावात सांगता की माझी भाची बारामतीत बसून आख्ख्या फळ कंपनीचा कारभार चालवते. तसे नाही. बावड्याच्या तुमच्या शेतकरी कंपनीची नोंदवही आमच्या ऑफिसातल्या संगणकावर असते, आणि ती नीट ठेवणे एवढेच माझे काम. वहीला रकाने आहेत: नाव, गाव, फोन, पीक. पण प्रत्येक शेतकऱ्याचे काहीतरी वेगळे असते. कुणाचे ठिबक, कुणाची बोअर, कुणाची जमीन तीन ठिकाणी. त्या सगळ्यासाठी रकाने आखायचे तर वही तुमच्या घरापासून एसटी स्टँडपर्यंत जाईल. म्हणून शेवटी एकच रकाना ठेवतात आणि बाकीचे सगळे त्यात गाठोडे बांधून टाकतात. आतल्या प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी असते. या गाठोड्याला जेसन म्हणतात. (तो माणूस नाही. मागे तुम्ही त्याचे गाव विचारले होते.)

गाठोड्यातून एखादी वस्तू काढायची तर बाण लिहावे लागत. साधा बाण लिहिला की वस्तू कागदात गुंडाळलेली मिळते, दुहेरी लिहिला की सुटी मिळते, आणि एकाच नावाखाली पुष्कळ वस्तू असल्या तर कितवी हवी तो आकडा द्यावा लागतो, तोही शून्यापासून मोजून. अविराज (कंपनीच्या ऑफिसातला, पुढे तुम्ही ज्याच्या टेबलावर पेरू मांडलेत तो) तीन वर्षे हे बाण न चुकता लिहीत होता. मला ते बघवत नव्हते. मी डेटाबेसलाच एक सोय जोडली: बाण बंद, नुसते टिंब. माहिती, टिंब, प्लॉट, टिंब, जागा. तोंडाने जेवढे म्हणाल तेवढेच लिहा. बावड्याच्या ऑफिसात मी ते पडद्यावर दाखवले, सगळ्यांनी माना हलवल्या, समोसे आले, आणि 'आता हे कुणालाही जमेल' असे वाक्य मी बोलले. त्या वाक्याची मला लाज वाटते, पण या पत्रातल्या लाजांमध्ये तिचा नंबर बराच खाली आहे.

दुसऱ्या दिवशी अविराजने मेसेज करून विचारले: 'मॅडम, एकाचे दोन-तीन प्लॉट असतील तर टिंब कोणता आणेल?' मी उत्तर दिले: 'पहिला. बहुतेकांना एकच असतो.' वेळ अकरा बेचाळीस. हे 'बहुतेकांना' मी कळस गावच्या शेतकऱ्यांच्या नोंदींवरून ठरवले, कारण तपासायला त्या हाताशी होत्या आणि तिथे खरोखरच एकेक प्लॉट नोंदलेला होता. बावड्याच्या नोंदी मी उघडल्याच नाहीत. आजोळ आहे, मला माहीत आहे, असे मी धरले.

माहीत नव्हते ते असे. बावड्यात कुठलाही फॉर्म भरताना पहिली ओळ घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाची असते. डाळिंब कुणाचेही असो, आधी आईचे नाव, आईचा तुकडा, मग आपले. तुमच्या फॉर्मवर पहिल्या ओळीत आहे: रंगूबाई, पाच गुंठे, घरामागे. दुसऱ्या ओळीत: रामहरी, दोन एकर, कॅनॉलकडेला. आणखी अठरा घरांनी तसेच लिहिले आहे, मानाने. अविराजने डाळिंबाच्या तोडणीची यादी काढली तेव्हा माझ्या टिंबाने एकोणीस घरांचा पहिला प्लॉट उचलला आणि तोडणीच्या टोळ्यांच्या फोनवर धाडला. तुमच्या नावापुढे गेले: डाळिंब, चाळीस क्रेट, घरामागे.

विजयसिंह मुकादम सांगितलेले ऐकणारा माणूस आहे. तुम्ही कॅनॉलकडेला त्याची वाट बघत उभे होतात, मामी बाजाराला गेल्या होत्या, आजीचा जरा डोळा लागला होता. त्याने मला फोन केला. "ताई, हितं डाळिंब न्हाय. पेरू हायती, त्येबी कच्चं." मी मीटिंगमध्ये होते. "यादीत जी जागा आहे तिथलंच तोडा," मी म्हणाले. "व्हय," तो म्हणाला, आणि त्याच्या माणसांनी आजीची सातही झाडे मोकळी केली. तेवढ्याने क्रेट भरेनात म्हणून लिंबे काढली, शेवगा काढला, कढीपत्ताही सोडला नाही. साडेसहा क्रेट झाल्यावर आजी जागी झाली, तेव्हा त्याने तिलाच नम्रपणे विचारले की बाकीचे साडेतेहतीस कुठे आहेत. (पाडाला आलेला पहिला पेरू आजी स्वतःच्या हाताने उतरवते आणि पाटी घेऊन घरोघर वाटते, दुसऱ्या कुणाला झाडाला हात लावू देत नाही, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. यादीत ते नव्हते.) त्या दिवशी पॅकहाउसला जो ट्रक आला त्यात एकोणीस घरांचे परस होते. एक भोपळा तर डाळिंबाच्या जाळीत बसवून आणला होता.

तिसऱ्या दिवशी तुम्ही कंपनीच्या ऑफिसात आलात तेव्हा मी तिथेच चहा घेत होते. तुम्ही पिशवीतून एकेक हिरवा पेरू काढून अविराजच्या टेबलावर मांडलात.

"हे काय हाय?"

"पेरू, तात्या."

"माझ्या आईचं हायती. दोन दिस झालं, ती माझ्याशी बोलंना. म्हणती, माझं नाव पयलं लिवलंस ते तोडायसाठीच का रं. यादी कुणी केली?"

"मी," अविराज म्हणाला.

यादी त्यानेच केली होती. टिंब माझे होते. अकरा बेचाळीसचा तो मेसेज त्याच्या फोनमध्ये होता आणि फोन टेबलावर होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि फोन पालथा ठेवला. मी गप्प राहिले आणि चहा संपवला. (सगळा.) तुम्ही त्याच्याच पेनाने त्याच्यावरची तक्रार लिहिलीत. ती शुक्रवारच्या बैठकीत येणार आहे, आणि त्याला यादीवरून काढून गेटच्या वजनकाट्यावर बसवायचे बोलणे चालू आहे, असे मला काल कळले.

टिंब मी दुरुस्त केले आहे. आता गाठोड्यात एकापेक्षा जास्त प्लॉट दिसले तर ते अंदाज करत नाही. थांबते आणि कोणता हवा ते विचारते. या कामाला चाळीस मिनिटे लागली. ती आधीही होती. अविराज पुन्हा बाण लिहायला लागला आहे. आता त्याची गरज नाही असे मी त्याला सांगितले. "सवय आहे, मॅडम," म्हणाला.

आजीची माफी मी रविवारी येऊन मागेन. तिला आधी काही सांगू नका. तुमच्याकडे माझे काही मागणे नाही. झाले ते कळावे एवढ्यासाठीच लिहिले. मामींना नमस्कार.

तुमची भाची (अजून असेन तर),
प्रगती

ता. क. मागणे आहे. तक्रार मागे घ्या, आणि शुक्रवारी हे पत्र बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. हे मीच उभे राहून सांगायला हवे. मी तीनदा मजकूर तयार केला आणि तिन्ही वेळा त्यात 'तांत्रिक कारणामुळे' हे शब्द आले. तुमच्या तोंडून ते यायचे नाहीत.

आणखी एक. वर मी 'गप्प राहिले' असे लिहिले आहे. ते बरोबर नाही. तक्रार लिहिण्याआधी तुम्ही माझ्याकडे वळून विचारले होते, "प्रगती, तू शिकलेली हायस, तू सांग. चूक याचीच न्हवं?" मी 'हो' म्हणाले. पत्र लिहिताना, तुम्ही ते विसरला असाल असे मी धरून चालले होते. बैठकीत वाचताना हा भाग गाळू नका.