धूर उभा झाला ती वेळ

प्रिय उर्वशी,

सव्वीस मार्चला, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या मोहाच्या झाडाखालचा धूर उभा झाला आणि तिथून पुढं सगळं बदललं. तोवर पाला नुसता धुमसत होता. मग धूर एकदम ताठ वर गेला, शेंड्याच्याही वर, आणि चारी बाजूंनी वारा आत ओढला गेला. वेळ नेमकी माहीत आहे, कारण माझ्या हातात फोन होता. तू नंबर ब्लॉक केलास म्हणून हे कागदावर लिहितो आहे. शेजारची निशा दोनच्या बसनं नागपूरला निघते, तिच्याजवळ देतो. फाडायचं असेल तर फाड, पण शेवटपर्यंत वाचून फाड.

घरची बातमी आधी सांगतो. तुझ्या बाबांच्या दोन्ही पायांना अजून पट्ट्या आहेत. रबरी चप्पल घालून ते आगीत शिरले होते, ती तळव्याला चिकटली. पट्टी रोज मीच बदलतो. डॉक्टर म्हणाले, जिथं दुखत नाही तिथंच जास्त जळलंय. बाबा हसले. मला म्हणाले, “मंग तं बरंच हाये, दुखतच नाई.” फॉरेस्टवाल्यांची चार एकर सागाची नवी लागवड गेली. केस त्यांच्या नावावर आहे आणि आज अकरा वाजता रेंज ऑफिसला त्यांचं बयाण लिहून घेणार आहेत. एकदा सही झाली की झालं. त्यांना याचं फारसं काही नाही. त्यांचं लक्ष फोनकडे असतं. आग लागली त्या संध्याकाळी तू बोललीस तेव्हा मी तिथंच होतो, तुझ्या आईनं स्पीकर लावला होता. तू म्हणालीस, “बाबा, तुमाले सारं माहीत हाये, तरी भर दुपारी काडी लावली? आता मी इथी काय सांगू लोकायले?” त्यांनी फोन तुझ्या आईकडे सरकवला. त्यानंतर नऊ दिवस तुझा फोन नाही. रोज सकाळी ते फोन चार्जिंगला लावतात, भरलेलाच असतो तरी.

मागच्या वर्षीची ती पहाट मला आठवते. तू, मी आणि बाबा तुमच्या चार मोहांखाली पाला झाडत होतो. गळलेली फुलं वेचताना दिसावीत म्हणून पाला जाळायचा, पण कधी जाळायचा ते बाबांचं ठरलेलं. दव असेतोवर काडी लावायची, ऊन शेंड्याला लागलं की विझवायचं. धूर गुडघ्याइतका आडवा पसरला होता, वर जायला तयारच नाही. मी काऊन म्हणून विचारलं तर तू झाडणी टाकून तिथंच शिकवायला बसलीस. आभाळ मोकळं असलं की जमीन रात्रभर आपली उष्णता अवकाशात सोडून देते. ती गार होते, तिच्या अंगची हवा गार होते, आणि गार हवा जड, ती खालीच बसते. धुराला वर वाटच मिळत नाही. दिवस चढला की सगळं उलटं. ऊन हवेला तापवत नाही, जमिनीला तापवते, आणि जमीन हवेला. ती हवा वर चढते आणि तिच्याबरोबर आग चढते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “एवढं शिकाले नागपूरले जा लागते का वो बाई? मी तं पाचवीतच शाळा सोडलो.” तू चिडलीस. मी इतका हसलो की तू माझ्यावरही चिडलीस.

तेव्हा मी कॉलेज सोडून वर्ष झालं होतं. प्रॅक्टिकलला तो पोरगा तुझ्यावरून काहीतरी बोलला आणि मी कॅलरीमीटर भिंतीवर मारला. माफीनामा लिहून दिला असता तर परत घेत होते. मी लिहिला नाही. तू तीनदा सांगितलंस, मी तीनदा भांडलो. आता ते आठवलं तरी राग येत नाही. काहीच येत नाही. तू एकदा म्हणाली होतीस, सूर्यापासून इथवर पंधरा कोटी किलोमीटर ऊन येतं आणि मधलं काही गरम होत नाही, कारण मधात काही नाहीच. हे नऊ दिवस मी त्या मधल्या जागेसारखा आहे. पट्टी सोडतो, ती जखम बघतो, औषध लावतो, पुन्हा बांधतो. माझी आई जेवायला बोलावते, जेवतो.

पंचवीसच्या संध्याकाळी तू म्हणालीस, आधी बी.एस्सी. पूर्ण कर, तोवर फोन नको, आणि ब्लॉक केलंस. दुसऱ्या दिवशी बाबांना आलापल्लीच्या बाजारात जायचं होतं. पाल्याचं काम त्यांनी मला सांगितलं होतं आणि मी पहाटे जातो म्हणालो होतो. गेलो नाही. जिथं फोनला टावर चांगलं लागते त्या पुलियावर साडेअकरापर्यंत बसून याच्या-त्याच्या फोनवरून तुला लावत राहिलो. तू आवाज ओळखून ठेवून द्यायचीस. मग उठलो, तसाच तापलेला, आणि तुमच्या मोहाखाली गेलो. पाला पापडासारखा वाजत होता. तू शिकवलेलं सगळं मला माहीत होतं. काडी मी लावली, उर्वशी. आणि लावल्यावरही, ब्लॉक आहे हे माहीत असून, पुन्हा तुझाच नंबर फिरवत उभा राहिलो. बाबांनी बसमधून धूर बघितला आणि रस्त्यावरून धावत आले. फॉरेस्टचा गार्ड आला तेव्हा मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, “झाडं माही, आग माही.” नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “तू चूप राह्य. तुझ्यावर केस लागली तं कॉलेजवाले तुले उभं नाई करणार. पोरीले तू शिकलेला पाहिजे.” मी चूप राहिलो. नऊ दिवस. काल पट्टी बांधताना त्यांनी मला विचारलं, तुझ्याशी काही बोलणं झालं का, तू अजून रागावून आहेस का. म्हणून हे लिहिलं. मला फोन करू नको, त्यांना कर. हे वाचलं की लगेच कर. दहा वाजले आहेत, ते तिथं पोचायच्या आत मला रेंज ऑफिसला पोचायचं आहे. आई विचारते आहे कुठं चाललास, मी आलोच म्हणालो. कागद दुमडतो, बाहेर पडतो, दार लावून घेतो.

अजून तरी तुझाच,
रोशन