अंगाऱ्याची पुडी

तीर्थस्वरूप चंद्राबाईंना,
धाकटी जाऊ कुंदा हिचा नमस्कार.

आपल्या रूपालीच्या बाळंतपणासाठी तुम्ही खालापूरहून धाडलेला गावदेवीचा अंगारा इथं जर्मनीत टपालाच्या कचेरीत अडकला होता. दर हेलपाट्याला नवा साहेब आणि नवा कागद. ‘देवीचा अंगारा’ म्हटलं, तर म्हणे, "कशापासून केलाय, दाखला आणा." इकडे रूपालीचे दिवस भरलेले. शेवटी मी जावयांना म्हटलं, "सांगा, भांडी घासायची राख हाय." साहेब हसला आणि पुडी दिली.

मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तुम्ही फोनवर विचारलंत, "अंगारा लावलास ना गं?" मी हो म्हटलं. पण पुडी अजून माझ्या पदरालाच बांधलेली आहे. देवीच्या अंगाऱ्याला राख म्हणालेल्या तोंडानं तिचं नाव घेऊन बाळाच्या कपाळी बोट कसं टेकवू?

हे पत्रही त्याच गाठीत ठेवते.

तुमची,
कुंदा