पालकाच्या रकान्यात माझं नाव

१४ जून
आयटीआयचा फॉर्म आणला. वायरमन, दोन वर्षं. दहावीची मार्कशीट पेटीतून काढली. कडा पिवळ्या पडल्यात, मार्क तेवढेच. वयाची अट नाही हे खिडकीतल्या बाईले दोनदा विचारलं. सत्तावीस चालतात.
भावाले, सलीमभाईले, अजून सांगितलं नाही. त्याच्या दुकानात जळलेल्या मोटरी येतात. मागच्या खोलीत मी त्या बांधते, म्हणजे जळकी तार काढून नवी भरते, पुढं तो बिल फाडतो. नवरा हैदराबादले गेला न् तिकडचाच झाला, तेव्हापासून पाच वर्षं हेच. तार, वेढे, वॉर्निश. मले हे काम आवडते, भांडण त्याच्याशी नाहीच.

१७ जून
सांगितलं. भाऊ जेवत होता, थांबला. "सब तो आता तुझे. कागद कायको होना?"
म्हटलं, कागद नाही म्हणून तं मागच्या खोलीत आहे. कागदाशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय एका घराचं फिटिंग अंगावर घेता येत नाही.
अम्मी मधे पडली नाही. दाल वाढत राहिली.
भाऊ वाईट नाही. ही गेली तं दुकानाचं काय, एवढंच त्याच्या तोंडावर दिसत होतं. तरी जाणार.

२१ जून
यवतमाळले जाऊन आली. नंबर लागेल असं वाटते. सरकारी आहे, फी झेपेल. खोली, मेस, हत्यारं, तेही दोन वर्षं, हे नाही झेपत.
नोटीस बोर्डावर शिष्यवृत्त्यांचे कागद होते. उभ्यानं सगळे वहीत उतरवले. एक अठराच्या आतल्यांसाठी. एक डिग्रीवाल्यांसाठी. एकीची तारीख गेलेली. उरली एक. शहरातलीच एक संस्था, तांत्रिक शिक्षण घेणाऱ्या गरजूंसाठी, वयाचं काही लिहिलेलं नाही. फॉर्म बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडं मिळाला.
बसमधे वाचला. 'पालक अथवा पती यांचे नाव, सही व उत्पन्नाचा दाखला.'
अब्बा जाऊन नऊ वर्षं झाली. आणि पती
मोहद्याचा थांबा येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसली.

२३ जून
संस्थेत गेलती. सचिव म्हातारे, बोलायले गोड. माझे कागद न उघडताच म्हणाले की तुमच्यासारख्या बायांसाठी आमचा शिवणवर्ग आहे, वर्ग संपला की मशीन घरी नेता येते. सही-बिही लागत नाही.
म्हणजे कापडाले नवरा लागत नाही, वायरले लागते.
मले शिवता येत नाही म्हटलं. (खोटं. चांगलं येते.)
मग म्हणाले, "भावाची तरी सही आणा. कोणीतरी जबाबदार माणूस पाहिजे."
"जबाबदार मी आहे."
ते हसले. मी हसली नाही.

२६ जून
भाऊ सही करत नाही. नाही असंही म्हणत नाही. 'देखेंगे.' तीन दिवस झाले, देखेंगे.
सकाळी चहा झाल्यावर फॉर्म घेतला. पालकाच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं, पूर्ण. नात्याच्या जागी 'स्वतः'. पेननं लिहिलं, खोडायचा प्रश्न नाही.

३० जून
तलाठीसाहेबांकडं. माझ्या नावानं उत्पन्नाचा दाखला पाहिजे म्हटलं. काय करता? मोटरी बांधते. काय मिळते? काही नाही, घरचं दुकान आहे. त्यांनी पेन खाली ठेवला. काही नाही असं लिहिता येत नाही म्हणाले, माणूस कशावर जगते ते दाखवावं लागते.
त्यांचं बरोबर आहे. राग आला तो वेगळ्याचाच. पाच वर्षं भावाच्या घरची भाकर खाल्ली असं गल्लीत सगळे म्हणतात, मीही म्हणत होती. ती भाकर येत होती कुठून?

४ जुलै
पावसानं ओढ दिली. ज्याच्या विहिरीत पाणी आहे तो कापसाची पऱ्हाटी वाचवायले मोटर लावून राह्यला. व्होल्टेज पडते, मोटर जळते. कापसाले भाव नाही, तेव्हा लोक जळकी मोटर घेऊन येतात, बांधायचं काय घेता ते विचारतात न् तशीच परत नेतात.
आज सुमनबाई राठोड आली, तांड्यावरची. एकटीच शेती करते. भाऊ नागपूरले तार आणायले गेलता. तिले सरळ सांगितलं, ही मोटर दुकानात नको, आमच्या अंगणात उतरव. मी माझ्या नावानं बांधते, पावती माझी.
ती म्हणे, "पाच साल झाले तूच बांधून राह्यली, मले काय माहीत नाही? तुह्या भावाच्या बोटाले वॉर्निश लागलेलं पाह्यलं नाही म्या कधी."

५ जुलै
अंगणात बांधली. एका कॉईलचे वेढे मोजताना चुकली, सगळे उकलले, पुन्हा. मोटर लावून पाहिली तं आवाज साफ.
पावती वहीच्या पानावर. रेहाना शेख. खाली सही, तारीख.

६ जुलै
भावाले मीच सांगितलं, बाहेरून कळू नये म्हणून. त्याचा आवाज चढला. "मेरा गिऱ्हाईक तोडी तू?"
म्हटलं, भाई, जाईपर्यंत तुमच्या दुकानातलं काम करीन, रोज करते तसंच. पण अंगणात येईल ते माझं.
अम्मीनं तवा खाली उतरवला. म्हणाली, "आंगन मेरा है."
इतक्या दिवसांत ती एवढंच बोलली. भाऊ जेवला नाही. मी जेवली.

१९ जुलै
अंगणात आणखी चार मोटरी झाल्या. सुमनबाई न् तिचा दीर दोघं साक्षीले आले. तलाठीसाहेबांनी अहवाल दिला, आज तहसीलमधून दाखला हातात पडला. माझ्या नावाचा. रिक्षात वाचला, घरी वाचला, मग अम्मीले वाचून दाखवला. तिले वाचता येत नाही, तिनं शिक्क्यावर बोट फिरवलं.

२ ऑगस्ट
यवतमाळ. नंबर लागला. अंगणातल्या कमाईत फी न् एका महिन्याची खोली. वर्गात मी एकटी बाई. पोरं आंटी म्हणतात. म्हणू दे.

११ ऑगस्ट
दाखला जोडून शिष्यवृत्तीचा फॉर्म संस्थेत दिलता, आज त्याची मुलाखत. टेबलामागं पाच जण. सचिवांनी पहिलाच प्रश्न विचारला, नवरा कुठं आहे. म्हटलं, फॉर्मात विचारलेलं सगळं लिहिलं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं.
शेवटी कोपऱ्यातल्या एका बाईनं कामाचं विचारलं, शेतातली मोटर जळते कशानं? मग मी थांबलीच नाही. सचिव घड्याळ पाहत होते, त्या बाई लिहून घेत होत्या.

२० ऑगस्ट
संस्थेचं पत्र. नाव विचाराधीन आहे, आठ दिवसांत पतीचे संमतीपत्र सादर करावे.
बूथवरून घरी फोन केला. भावानं उचलला. पत्रात काय आहे ते सांगितलं. तो म्हणे, "मैं लिख के देतूं. भाई की चलती क्या पूछ."
चालली असती. सचिवांनीच सांगितलं होतं. जूनमधे ह्याच सहीसाठी मी ह्याच्या मागं फिरत होती. डोळ्यात पाणी आलं, बूथवाल्याकडं पाठ केली.
"नको भाई. आता नको."
"पागल है तू," म्हणाला, पण फोन ठेवला नाही. मग विचारलं, दुकानात सुमनबाईच्या तांड्यावरची एक मोटर आहे, जुनी तार मोजायच्या आधीच कापली गेली, वेढे किती? मी कंपनी विचारली, आकडा सांगितला. त्यानं लिहून घेतला. पुन्हा म्हणून दाखवला.

२२ ऑगस्ट
संस्थेले उत्तर लिहिलं. चार वेळा फाडलं, पाचवं ठेवलं. 'शिक्षण मी घेणार आहे, संमती माझी आहे, सही खाली आहे.' रजिस्टर पोस्टानं पाठवलं, पोचपावतीसह.
नाही म्हणतील तं नाही म्हणतील. पुढच्या महिन्याची खोली अजून ठरायची आहे.
दुपारी वर्कशॉपमधे निदेशक सर मी केलेला तारेचा जॉइंट उलटसुलट पाहत राहिले. मग विचारलं, घरचा एक पंखा जळला आहे, रविवारी बांधून देता का? काय घ्याल?
मी आकडा सांगितला. महाग आहे म्हणाले.
म्हटलं, हो.