तिसऱ्या रविवारी नावं वाचली नाहीत

रवि. १४ नोव्हें. ५४, घाटकोपर
दोन रविवार चर्चमध्ये लग्नाची सूचना म्हणून माझं नि योहानचं नाव वाचलं. आज तिसरी, शेवटची वेळ. पाळकसाहेबांनी दुसऱ्याच जोडप्याची नावं वाचली, चष्मा पुसला आणि गीत सुरू. योहानकडचं कुणीच आलेलं नव्हतं.
उपासनेनंतर साहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. भांडुपला योहानच्या वडिलांकडे निनावी पत्र गेलंय. मी चार महिने क्षयाच्या सॅनेटोरियममध्ये होते, हे त्यात. खरं आहे. सहा वर्षं झाली, बरीही झाले. पण योहानला नि त्याच्या घरच्यांना सांगितलं नव्हतं. पत्राचं कुणाकडे बोलू नकोस म्हणाले.

सोम. १५
राहेलला एवढंच सांगितलं, लग्न राहिलं. दवाखान्यात आम्ही दोघी नर्स, वरच्या मजल्यावर एकच खोली. रोज ड्यूटीआधी गुडघे टेकून एकत्र प्रार्थना. ती रडली. मला रडू येईना.
सॅनेटोरियमचं आईला माहीत होतं, ती वारली. आणि राहेलला. बास.
छे. असं मनात आणणंही पाप.

बुध. १७
पाप तर पाप. ती बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहीत होती, मी तिचं अक्षर बघत राहिले. काय उपयोग? पत्र मी पाहिलेलंच नाही.
प्रार्थनेला बसते, शब्द येतात. त्यांचाही भरवसा वाटत नाही. प्रभूकडे नक्की काय मागतेय? योहान परत यावा, की लिहिणारी सापडावी?

गुरु. १८
योहान फाटकापाशी भेटला. आत आला नाही. रागावलेला नव्हता, तेच वाईट. पत्र टाइप केलेलं आहे म्हणे. मग म्हणाला, "तू स्वतः सांगितलं असतंस, तर मी बाबांशी भांडलो असतो."
आता नाही भांडणार? विचारलं. चपलेकडे बघत राहिला.

शनि. २०
सकाळी राहेलनं मोठ्यानं प्रार्थना केली. माझ्यासाठी, योहानसाठी. मग, "प्रभू, ज्यानं ते पत्र लिहिलं त्यालाही क्षमा कर."
माझे डोळे उघडले. तिचे मिटलेलेच. पत्राचं मी तिला बोललेच नव्हते.
पाळकीणबाई बोलल्या असतील. मंडळीत काय झाकून राहतं? दिवसभर हेच घोळवतेय. पटत नाही.

सोम. २२
काल चर्चला गेले नाही. आज विचारलं. राहेल केस विंचरत होती.
"पत्राचं तुला कुणी सांगितलं गं?"
हात थांबला. मग म्हणाली, "मीच लिहिलं म्हटलं, तर माझ्याबरोबर गुडघे टेकशील?"
लिहिलंस का, हे सरळ विचारायला हवं होतं. ती खाली बसली. मीही, सवयीनं. प्रभूची प्रार्थना दोघींनी एकदम सुरू केली. 'आम्ही दुसऱ्यांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर', त्या ओळीपाशी ती थांबली. मी त्याआधीच थांबले होते.
खाली दवाखान्याचं दार उघडल्याचा आवाज आला. दोघी तशाच, डोळे मिटून. पुढचं आधी कुणी म्हणायचं?